रेघेवरचा पिवळा दिवा

तिला वाटलं होतं, माळ आपल्याला ओळखेल.

सहा वर्षं हॅलिफॅक्सला समुद्राकाठी शिकताना सिग्रिडने मनात स्वतःचं एक माळरान जपून ठेवलं होतं. त्यात आभाळ मोठं होतं, वाऱ्याला कापलेल्या गव्हाचा वास होता, आणि समोरून येणारा प्रत्येक माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देत होता. ‘आमची माणसं दारांना कुलपं लावत नाहीत,’ असं ती तिकडच्या मैत्रिणींना सांगायची. प्रत्यक्षात तिला भेटला तो आडवा वारा. विनिपेग सोडल्यापासून तो मोटरसायकलला एका बाजूने असा रेटत होता की सरळ जायचं तर दिवसभर गाडी तिरकी धरावी लागली. मान आखडली. हेल्मेटच्या काचेवर टोळ फुटून वाळले. ज्या गावात लहानपणी तिने आइस्क्रीम खाल्लं होतं, तिथे आता पेट्रोलपंपसुद्धा नव्हता. समोरून कुणी आलं की ती डावा हात खाली सोडून ओळख द्यायची. ट्रक अंगावर खडी उडवून निघून जायचे. तिसऱ्या प्रहरी पाऊस लागला, हातमोजे भिजून जड झाले, आणि मग तिने हात उचलणंच सोडून दिलं.

थर्मास इकडे कर, कोल्टन. आणि मार्नी, तू ट्रकच्या फळीवर बस, खाली गवत ओलं आहे. दव पडलं. आता उद्या दहा-अकराशिवाय हार्वेस्टर हलायचा नाही. चौदा तास झाले आपल्याला उभं राहून, माझ्या पाठीला विचारा. पण तुम्हा दोघांना आज पहिल्यांदाच रात्री या रस्त्याने गावात झोपायला जायचं आहे. तुम्ही बाहेरची पोरं, कापणीपुरती आलेली. म्हणून जाण्याआधी हे ऐकून जा.

सिग्रिड माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. तिने सांगितलेलं मी तिचं म्हणून सांगेन, आणि मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच माझं म्हणून सांगेन. दोन्हींत भेसळ करणार नाही.

तिचं इथलं काम तसं साधं होतं. शिक्षिका म्हणून एका कागदावर सही. आमच्या गावच्या शाळेत अकरा मुलं आणि एक शिक्षिका. जिल्ह्याच्या लोकांनी सांगून ठेवलं होतं की महिनाअखेरच्या आत दुसरी शिक्षिका हजर झाली नाही, तर शाळेला कुलूप लावू आणि मुलांना बसमध्ये घालून चाळीस मैलांवरच्या शाळेत पाठवू. सिग्रिडने उन्हाळ्यातच मला पत्र लिहिलं होतं. फोन नाही, पत्र! ‘काका, मी येते. आपण अशी शाळा करू की लोक मुलांसाठी गावात राहायला येतील.’ चार पानं होती. मी ती शाळेच्या समितीत वाचून दाखवली. समितीचा अध्यक्ष मीच, दुसरं कुणी व्हायला तयार नाही म्हणून. वाचताना दोन बायका रडल्या.

शुक्रवारी सकाळी दहाला सभा होती. आदल्या दिवशी, म्हणजे २५ सप्टेंबरला, गुरुवारी, रात्री आठ चाळीसला तिचा फोन आला. दक्षिणेकडच्या हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपावरून.

“काका, मी येतेय. पण सही करायला नाही.”

“मग कशाला येतेस?”

“तोंडावर सांगायला. फोनवर सांगून मोकळं होणं बरं दिसत नाही.”

“म्हणजे अर्धा देश तुडवून तू नाही म्हणायला येणार? अगं, ‘नाही’ पोस्टकार्डावरसुद्धा मावलं असतं.”

ती हसली नाही. एरवी माझ्या फालतू विनोदांना हसणारी घरात ती एकटीच.

“इथं कुणी उरलेलंच नाही हो, काका. मी सकाळपासून बघतेय. गावं नाहीत, पाट्यांवर नुसती नावं आहेत. मी कुणासाठी शाळा धरून ठेवू?”

“अकरा मुलांसाठी.”

मागे कुणीतरी बर्फाच्या पेटीचं झाकण आपटल्याचं ऐकू आलं.

“मी फार दमलेय, काका.”

“मग तिथेच झोप. सकाळी ये.”

“इथलं लॉज बंद पडलंय. येते मी. रस्ता पाठ आहे मला.”

“सावकाश ये,” एवढंच मी म्हणालो. एक गोष्ट सांगायची राहिली. आजही रात्री जाग आली की ती राहिलेली गोष्ट मला आठवते.

आता तुम्हाला रेघ म्हणजे काय ते सांगायला हवं. आमचे रस्ते बघितलेत ना? पट्टीने आखल्यासारखे. मैलामैलावर चौकोन. पण पृथ्वी गोल आहे, तिच्यावर चौकोन बसत नाहीत. उत्तरेकडे जाणारे रस्ते हळूहळू एकमेकांच्या जवळ सरकायला लागतात. म्हणून मोजणीवाल्यांनी दर चोवीस मैलांवर एक आडवी रेघ मारली आणि तिथे सगळे रस्ते पुन्हा बाजूला सरकवून घेतले. चोवीस मैल नाकासमोर गेलेला रस्ता तिथे अचानक संपतो. डावीकडे वळायचं, थोडं जायचं, मग पुन्हा उजवीकडे. सरळ गेलात तर समोर तळं. लव्हाळ्यांनी भरलेलं. वरून उथळ दिसतं, पण खाली चिखल घोडा गिळेल एवढा.

फलक आहे, कोल्टन, बरोबर आहे तुझं. पण त्या आठवड्यात कुणाच्या तरी हार्वेस्टरने तो आडवा केला होता. आणि खरं सांगू? फलक परका माणूस बघतो. आम्ही दिवे बघतो. रात्री या माळावर दिसतात ते फक्त अंगणातल्या खांबांवरचे दिवे. कोणता दिवा कुणाचा ते आम्हाला चालायला लागल्यापासून माहीत. आणि रेघेवर, रस्त्याच्या उजव्या अंगाला, तोर्सन बाईंचा दिवा होता. सगळ्यांचे पांढरे, तिचा पिवळा. गावातल्या प्रत्येक पोराला गाडी शिकवताना पहिली गोष्ट हीच शिकवायची: तोर्सन काकूंचा दिवा उजव्या खांद्याशी आला की वेग तोड, रस्ता संपला.

तुम्ही वेग तोडला की काकू दिवा दोनदा विझवून लावायची. म्हणजे, बघितलं तुला, जा आता. आपण गाडीचा दिवा दोनदा मिचकवायचा. म्हणजे, पोचलो, काकू.

हे तिने का सुरू केलं तेही सांगतो. तिचा मुलगा आर्ने माझ्या वर्गात होता. एका ऑक्टोबरात तिच्या खांबावरचा दिवा गेला. संध्याकाळ झाली होती, शिडी काढायचा कंटाळा आला, सकाळी बदलू म्हणाली. आर्ने रात्री मोटरसायकलवरून घरी येत होता. झोपेला आलेला. उजव्या खांद्याशी दिवा आला नाही, म्हणून त्याला वाटलं घर अजून पुढे आहे.

स्वतःचं घर, बरं का.

त्यानंतर बेचाळीस वर्षं तो दिवा एका रात्रीसाठीही बंद राहिला नाही. हिवाळ्यात शाळेची बस पकडायला आसपासची मुलं तिच्याच घरी जमायची. काकू त्यांचे भिजलेले हातमोजे काढून घ्यायची, उलटे करायची, अंगठा बाहेर ओढायची आणि चुलीवरच्या तारेवर ओळीने टांगायची. अंगठा आत राहिला तर तिथेच ओल राहते, म्हणायची. सिग्रिड पाच हिवाळे तिथे उभी राहिलेली.

तोर्सन काकू चार वर्षांपूर्वी गेली. ते मी सिग्रिडला कळवलं होतं. जे कळवायचं राहिलं ते असं: एका तरुण जोडप्याने ते घर विकत घेतलं, जॅकवर उचललं, लांब ट्रकवर चढवलं आणि अडीच मैल उत्तरेला आपल्या जमिनीवर नेऊन ठेवलं. हसू नकोस, मार्नी, आमच्याकडे घरं हलतात. लाकडाची आहेत, टाकून कोण देतं? घर हललं ही आम्हाला बातमीच वाटत नाही, म्हणून फोनवर सांगायचं सुचलं नाही. त्या जोडप्याने घराबरोबर खांबही नेला. पिवळा दिवासुद्धा तोच.

आणि नवी जागा कुठे? रेघेच्या पलीकडे, तळ्याच्या पलीकडे. आपल्या या रस्त्याच्या बरोब्बर नाकासमोर.

काकू गेल्याचं पोरीला माहीत होतं. घर गेल्याचं नव्हतं.

पाऊस थांबून आभाळ निवळलं होतं, थंडी पडायला लागली होती. रात्री अकरा वाजून दहा मिनिटं. वेळ तिने बघितली, कारण झोप उडवायला ती दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती. खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, मोबाईलला रेंज नाही. बोटं इतकी बधिर झाली होती की ब्रेक दाबला की नाही ते कळत नव्हतं. ती सांगते, त्या वेळी मनात शाळा नव्हती, सभा नव्हती, हॅलिफॅक्ससुद्धा नव्हतं. फक्त आडवं व्हायचं होतं. कुठेही.

मग लांबवर पिवळा दिवा दिसला.

तिला एवढं बरं वाटलं. कुणीतरी राहतं आहे तिथे अजून. तिने मनाशी नेहमीचा हिशोब केला. दिवा हळूहळू उजवीकडे सरकेल, खांद्याशी येईल, तेव्हा वेग तोडू.

दिवा सरकला नाही.

समोरच राहिला. नाकासमोर. तिला वाटलं, अजून लांब आहे. डोळे मिटत होते. एकदा मिटलेही. उघडले तेव्हाही दिवा समोरच...

आणि उजव्या खांद्याशी दुसरा दिवा लागला.

तसाच. पिवळा.

तिने विचार केला नाही. लहानपणी हाताला लागलेली सवय, हाताने ब्रेक ओढला. खडीवर मागचं चाक फिरलं, गाडी आडवी होता होता उतारावरून खाली गेली आणि थांबली. पुढचं चाक लव्हाळ्यांत. चाकाखाली पाणी. आणखी दोन हात पुढे चिखल होता. ती पडली नाही, लागलं नाही. नुसती बसून राहिली. इंजिन बंद पडलं होतं. पायाशी पाणी डुचमळत होतं.

समोर तळ्यापलीकडे एक दिवा. उजवीकडे एक.

तोर्सन काकूंचे दोन दिवे.

तिने काय केलं असेल? जे आम्ही सगळेच करत होतो तेच. गाडीचा दिवा दोनदा मिचकवला.

उजवीकडचा दिवा विझला. लागला.

विझला. लागला.

तेव्हा तिला भीती वाटली नव्हती, असं ती म्हणते. वाटलं, नवीन माणसांनीही काकूंची रीत चालू ठेवली. ती गाडी तिथेच सोडून दिव्याकडे चालत गेली. हाक मारली, “कोणी आहे का? गाडी अडकलीय माझी.”

कुत्रं भुंकलं नाही.

ती जवळ गेली. पायऱ्या दिसल्या. सिमेंटच्या तीन पायऱ्या, त्यांवर पिवळा उजेड. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वर बघितलं.

घर नव्हतं.

पायऱ्यांमागे खड्डा. गवत. तळघराची फुटकी भिंत. पायऱ्या वर जाऊन कुठेच पोचत नव्हत्या.

खांब नव्हता. तार नव्हती. पायऱ्यांवर उजेड होता, पण तो कशातून येत होता...

“तोर्सन काकू?”

उजेड गेला.

पळता आलं असतं. पण कुठे? गाडी चिखलात. समोरच्या दिव्याचं घर अडीच मैल, तेही तळ्याला वळसा घालून. आणि पायांत जीवच उरला नव्हता. भ्यायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते, काका, असं ती मला म्हणाली. ती खालच्या पायरीवर बसली. ओले हातमोजे ओढून काढले, शेजारी टाकले. हात काखेत घातले.

किती वेळ गेला माहीत नाही.

मग दक्षिणेकडून आवाज आला.

मोटरसायकल.

ती उठून उभी राहिली. मदत आली असं वाटलं. रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर दिवा नव्हता. कुठलाच नाही. नुसता आवाज. जवळ येणारा. इंजिन मधूनच एक ठोका चुकत होतं. तीन ठोके, मग एक रिकामा. तीन ठोके, मग रिकामा.

आर्नेच्या गाडीचं एक सिलिंडर असंच चुकायचं. हे मी तिला कधी सांगितलेलं नव्हतं. कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

वेग कमी होत नव्हता.

ती ओरडली, “थांबा! रस्ता संपलाय!”

आवाज तिच्यासमोरून गेला. वारा लागला. खडी उडाली नाही. आवाज तळ्यावर गेला... आणि थांबला. पाण्याचा आवाज नाही. काहीच नाही.

मग तिच्या मागे, वरच्या पायरीवर, दाराची स्प्रिंग ताणल्याचा आवाज आला. जाळीच्या दाराची. कुणीतरी दार उघडून उभं होतं. बघत होतं. तिच्याकडे नाही... तिच्यावरून, तळ्याकडे.

सिग्रिडने मान वळवली नाही.

खूप वेळाने दार मिटलं.

...

सकाळी सातला मी गव्हाचा ट्रक घेऊन निघालो. रात्रभर ती आली नाही म्हणून डोळ्याला डोळा लागला नव्हता. रेघेवर आलो तर लव्हाळ्यांत मोटरसायकल. माझं काय झालं असेल ते सोडा. मग पायऱ्यांवर ती दिसली, गुडघ्यांत डोकं घालून बसलेली.

इथून पुढचं मी पाहिलेलं.

रात्री दहिवर पडलं होतं, गोठलेलं दव. पांढरंशुभ्र. गवतावर, गाडीच्या सीटवर, तिच्या जॅकेटच्या खांद्यांवर. पायऱ्यांवरही. मी खाली बसून तिचा चेहरा हातात धरला. डोळे उघडे. मग तिने बोटाने वर दाखवलं.

वरच्या पायरीवर हातमोजे होते. तिचेच. तिने टाकले होते खालच्या पायरीवर, ओले. आता वर होते, शेजारी शेजारी, नीट. त्यांच्याभोवती हातभर जागेत दहिवर नव्हतं. मी उचलले. कोरडे होते. कोरडे आणि गरम, चुलीवरून आत्ता काढल्यासारखे.

उलटे केलेले होते. दोन्ही अंगठे बाहेर ओढलेले.

मी पासष्ट वर्षांचा माणूस, हातमोजे हातात धरून तिच्या शेजारी बसलो. मग तिने सगळं सांगितलं, तुटक तुटक. घर हललं हे सांगायचं माझ्याकडून राहिलं, तेही मी कबूल केलं. ती रागावली नाही. म्हणाली, “दमले होते काका. तुम्ही सांगितलं असतं तरी झोपले असते.”

कागद माझ्या ट्रकमध्ये होता. मी म्हणालो, “सिग्गी, सभेचं राहू दे. मी सांगतो त्यांना. तू घरी चल, सूप घे, झोप.”

ती तळ्याकडे बघत होती.

“काका, शाळा बंद झाली तर मुलांची बस कुठल्या रस्त्याने जाईल?”

“ह्याच. दुसरा आहेच कुठे?”

“हिवाळ्यात किती वाजता?”

“सहा-सव्वासहा.”

“म्हणजे अंधारात.”

“अंधारातच.”

तिने हातमोजे माझ्याकडून घेतले आणि गालाला लावून बसली. मग म्हणाली, “कागद आणा. आणि पेन.”

“अगं, हात बघ तुझे, निळे पडलेत. घरी जाऊन कर सही.”

“घरी गेले की झोपेन. झोपून उठले की पुन्हा शहाणी होईन. आत्ताच आणा.”

मी आणला. ट्रकमधून येईपर्यंत तिने हातमोजे चढवले होते. सरळ केले नव्हते, उलटेच घातले होते, शिवणी बाहेर. वरच्या पायरीवर, दहिवर नसलेल्या तेवढ्याच जागेत, तिने कागद ठेवला आणि सही केली.